दप्तरखाना : वाचकांचे प्रश्न

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे येणारी पत्रे वाढतात. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, कपाटांना वास येऊ लागतो आणि वर्षभर विसरलेले कागद घरच्यांना आठवतात. दर वेळची विनंती पुन्हा करते: मूळ कागद टपालाने पाठवू नका. गेल्या खेपेला एका गृहस्थांनी पणजोबांची सनद साध्या पाकिटात घालून धाडली, वर तिकिटेही कमी लावलेली. फोटो पाठवा. फोटोवरून जेवढे कळते तेवढे सांगते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही पंचवटीतले. घरात पिढ्यान्‌पिढ्या तीर्थोपाध्येपण. यजमानांच्या नामावळीच्या, म्हणजे आलेल्या यात्रेकरूंच्या कुळांच्या नोंदींच्या, वह्या आहेत, काही मोडीत, काही बाळबोधीत. वाडा विकसकाकडे गेला, दिवाळीनंतर भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचे आहे. चुलतभाऊ म्हणतो, शिवण उसवून पाने सुटी करू, ऑफिसच्या स्कॅनरमधून रविवारी सगळे काढू आणि मूळ वह्या गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडू. हे ऐकून वडील जेवले नाहीत. काय करावे?

उत्तर : आधी वडिलांना जेवायला वाढा. वह्या गंगेत जाणार नाहीत, हे माझ्या नावावर सांगा.

ऑफिसचा स्कॅनर म्हणजे वरून कागद घातला की रबरी रूळ आत ओढून घेणारा. तो एकसारख्या जाडीच्या, कोऱ्या, ताठ कागदासाठी बनलेला आहे. तुमच्या जुन्या वह्यांचा कागद हाताने केलेला, चिंध्यांच्या लगद्याचा. एका पानात दोन जाड्या, कडा झिजलेल्या, मध्ये घडी. पहिले पान गेले तरी दहावे अडकेल आणि अडकलेले पान ओढून काढताना काय होते ते झेरॉक्सच्या दुकानात पाहिलेच असेल.

शिवणीचे महत्त्व त्याहून मोठे. नामावळीत कित्येक नोंदींना तिथी नसते. अमुक गावचे अमुक आले, बरोबर कोण, मुलगे किती, एवढेच. ती नोंद कधीची, हे वरच्या आणि खालच्या नोंदीवरून ठरते. पाने सुटी झाली, गठ्ठा एकदा हातातून पडला, की ते शेजार संपले. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तीस वर्षांपूर्वीचा दस्त योग्य ताब्यातून कोर्टापुढे आला, तर त्यावरचे हस्ताक्षर खरे धरण्याची मुभा आपल्या साक्ष्य कायद्यात आहे. वारसाच्या वादात वंशावळीच्या वह्या मागवल्या जातात त्या यासाठी. मूळ नदीत आणि फोटो पेन ड्राइव्हमध्ये असेल, तर तुमच्या यजमानांच्या हातात काय उरले?

आता करायचे काय. फोटो नंतर, आधी यादी. प्रत्येक वहीला क्रमांक द्या. तो वहीवर पेनाने लिहायचा नाही, स्टिकर लावायचा नाही. कागदाच्या पट्टीवर मऊ पेन्सिलीने लिहून पट्टी आत ठेवायची. मग एका जाड रजिस्टरात: क्रमांक, लांबी-रुंदी, पाने, लिपी, पहिली आणि शेवटची तिथी सापडली तर ती, कोणत्या भागातली गावे, अवस्था. हे काम रटाळ आहे आणि कुणालाच करावेसे वाटत नाही, म्हणूनच ते आधी करायचे.

या यादीसाठी वडिलांना शेजारी बसवा आणि मोबाइलवर त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. ते माझ्या मते सगळ्यांत मोलाचे. यजमान दारात येऊन गाव आणि आडनाव सांगतो आणि वडील उठून नेमकी वही काढतात. कशावरून? गाव बदलून गेलेली कुळे कोणत्या वहीत घातली, दत्तक गेलेल्याचे नाव कुठे चढवले, भाऊबंदकीत वह्यांची वाटणी झाली तेव्हा कोणता तालुका कुणाकडे गेला, हे कोणत्याच पानावर लिहिलेले नाही. स्कॅनरला ते दिसायचे नाही. वडिलांचे वय तुम्ही कळवलेले नाही. मी विचारतही नाही, पण हे काम दिवाळीवर ढकलू नका.

मग गुंडाळणी. मांजरपाट आणा, दोनदा गरम पाण्यात धुऊन त्यातली खळ काढा, पूर्ण वाळवा आणि प्रत्येक वही त्यात आडवी बांधा. गाठ सैल. फ्लॅटमध्ये ठेवताना न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा आणि स्लॅबखालचा माळाही टाळा. नाशकात एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी असते. जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून चार बोटे दूर, लोखंडी कपाटात. कपाट आठवड्यातून एकदा उघडायचे, पावसाच्या दिवशी नाही.

एवढे झाल्यावर फोटो. व्हरांड्यातला उजेड उत्तम, ऊन नको, फ्लॅश नको. खाली काळे कापड, वही दोन्ही बाजूंनी उशांवर टेकवलेली, म्हणजे पूर्ण उघडून तिचा कणा मोडत नाही. मोबाइल स्टँडवर, पानाला समांतर. कडेला फूटपट्टी दिसू द्या. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत ए-फोर एवढे पान चौकट भरून आले, तर इंचाला ३४० ठिपके मिळतात; वाचायला ते भरपूर आहेत. कागद पांढराशुभ्र करून देणारी स्कॅनर ॲप मात्र वापरू नका. ती फिकट शाई आणि डाग एकाच मापाने पुसतात. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, नाहीतर तो आकसतो.

हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे मायक्रोफिल्मिंग अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने गेल्या शतकात केले. वह्या पंड्यांकडेच राहिल्या. चुलतभावाला हे जरूर सांगा. शिवाय हेही सांगा की, सगळे फोटो उचलून इंटरनेटवर टाकायचे नाहीत. त्यात जिवंत माणसांची नावे, जाती, नाती आहेत. यजमानाने विश्वासाने सही केली ती तुमच्या घरच्या वहीत.

प्रश्न : आमचे निफाड तालुक्यातले ‘ब’ वर्ग वाचनालय. जुनी मराठी मासिके आणि बांधीव वर्तमानपत्रे आहेत. एका एजन्सीने पानामागे दर देऊन ‘हाय क्वालिटी पीडीएफ’ करून देतो म्हटले आहे. कार्यकारिणी राजी आहे. ग्रंथपाल म्हणून मी काय विचारावे?

उत्तर : तुम्हाला प्रश्न पडला, म्हणजे वाचनालय चांगल्या हातात आहे.

‘हाय क्वालिटी’ या शब्दांना करारात काही अर्थ नाही. तिथे आकडे लिहून घ्या. मूळ प्रत रंगीत, चोवीस बिटची, इंचाला ४०० ठिपके, टिफ स्वरूपात, कॉम्प्रेशन न करता. वाचकांसाठी पीडीएफ त्यातून काढायची. उलटे होत नाही; दाबलेल्या पीडीएफमधून गेलेला तपशील परत येत नाही. साठवणीचा हिशेब सोपा आहे. फुलस्केप पान म्हणजे सुमारे ८ बाय १३ इंच. ४०० ठिपक्यांनी ३२०० गुणिले ५२००, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. म्हणजे पानाला ५० एमबी. दहा हजार पानांना ५०० जीबी. एक टेराबाइटची हार्ड डिस्क पुरते. ‘टिफ फार जड होतात साहेब’ असे एजन्सीचा माणूस म्हणाला, तर हा कागद त्याच्यापुढे ठेवा. वर्तमानपत्राच्या मोठ्या पानाला ३०० ठिपके चालतील, तरी पानाला नव्वद एमबीच्या आसपास जाईल.

दुसरे, यंत्र. वरून कॅमेरा आणि खाली पाळण्यासारखा आधार असलेला ओव्हरहेड स्कॅनर हवा. बांधणी कापायची नाही, हे शाईने लिहून घ्या. काम वाचनालयातच व्हावे, एकही खंड रात्री बाहेर जाऊ नये. पानाच्या चारी कडा फोटोत दिसाव्यात. कापलेली कड म्हणजे पान पूर्ण होते की फाटके, हे कायमचे झाकले गेले. प्रत्येक खंडाच्या पहिल्या फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी. कोरी पानेही घ्यायची, जाहिरातीही. जाहिराती तर नक्कीच! १९३८ साली ‘गावकरी’ सुरू झाला त्या काळचे नाशिक तुम्हाला अग्रलेखात जेवढे सापडेल, तेवढेच सायकलच्या आणि केसांच्या तेलाच्या जाहिरातीत सापडेल.

तिसरे, फाइलींची नावे. ‘स्कॅन०००१’ नको. खंड, वर्ष, अंक, पान या क्रमाने एकच पद्धत ठरवा आणि मोडू नका. सूची युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली सूची दुसऱ्या संगणकावर उघडली की किडामुंगी दिसते. इंटरनेटवरच्या स्कॅन ग्रंथांत मराठी नावे रोमन लिपीत मनाला येईल तशी लिहिलेली आढळतात. पुस्तक तिथे असते आणि कुणाला सापडत नाही. शीर्षक, संपादक, प्रकाशक, ठिकाण, वर्ष, भाषा, पाने एवढी तरी कलमे देवनागरीत भरा. पुढे डिजिटल ग्रंथालयाच्या डीस्पेससारख्या मोफत प्रणालीत घालायचे ठरले, तर हीच कलमे कामी येतील.

प्रत्येक फाइलचा चेकसम मागा. तो फाइलवरून काढलेला आकडा असतो. फाइलीतला एक ठिपका बदलला तरी आकडा बदलतो. वर्षातून एकदा ताडून पाहिला, की डिस्कवर काही सडले का ते कळते. प्रती तीन: दोन वेगळ्या डिस्कवर, तिसरी गावाबाहेर. सीडीवर विसंबू नका. प्रतिमांवर हक्क वाचनालयाचा, एजन्सीचा नाही, हेही करारात हवे.

कायद्याचे विचारले नाहीत, तरी कार्यकारिणीत कुणीतरी विचारेलच. तुमच्याकडे छापील प्रत आहे आणि वाचनालय नफ्यासाठी चालत नाही, तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्याने २०१२ पासून स्पष्ट मोकळीक दिली आहे. ती प्रत सगळ्या जगाला खुली करणे ही वेगळी गोष्ट. तिथे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे मोजावी लागतात. मासिकात पंचवीस लेखक असतात, तेव्हा आधी वाचनालयातल्या संगणकावरच वाचायला द्या.

आणि सगळ्यांत आधी, १८४० पासूनचे आपले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्याकडे विचारून घ्या. जे खंड कुणीतरी नीट स्कॅन केले आहेत, त्यावर पुन्हा पैसे कशाला? तुमच्याकडेच असलेले अंक आधी घ्या. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, आम्लाने पिवळा पडून कुरकुरीत होतो. दोनशे वर्षांपूर्वीची मोडीची फर्द हाताळता येते आणि १९५०चा अंक हातात चुरतो, असे आम्हाला नेहमी दिसते. म्हणून क्रम वयाने लावू नका, अवस्थेने लावा.

प्रश्न : आजोबांचे तुरुंगातून सुटकेचे पत्र टिकावे म्हणून लॅमिनेट करून घेतले. आता आत तपकिरी डाग दिसतात. प्लास्टिक कसे काढू?

उत्तर : काढू नका. इस्त्री, ड्रायर, थिनर काहीही नको. गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूत शिरलेले असते, ते कागद घेऊनच निघते. आजच दोन्ही बाजूंचे चांगले फोटो काढा, उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवा. बाकीची पत्रे पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला, एक कड उघडी असलेली. ती केव्हाही बाहेर काढता येतात. सेलोटेपलाही हीच बंदी.

प्रश्न : सिन्नरच्या आमच्या घरात मोडी कागद आहेत. वर्गाला जाऊन मी लिपी शिकले, पण तारखांपाशी अडते. एका पत्राच्या शेवटी आहे: ‘छ ७ रबिलाखर सु॥ खमस अशरीन मयातैन व अलफ’. शिवाय मोबाइल मोडी वाचेल असे काही आहे का?

उत्तर : वाचन अगदी बरोबर आहे, शाबास. ‘सु॥’ म्हणजे शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत चालणारी कालगणना, अरबी संख्याशब्दांत लिहिलेली. खमस म्हणजे पाच, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. एकूण १२२५. त्यात ५९९ मिळवले की १८२४. पण हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होते. त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६०० मिळवायचे. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. त्या वर्षी रबिलाखर नोव्हेंबरच्या अखेरीस येतो, तेव्हा पत्र २९ नोव्हेंबर १८२४ किंवा एखाददुसरा दिवस मागेपुढे. पेशवाई १८१८ मध्येच गेलेली, तरी कारकुनांची कालगणना लगेच गेली नाही. पुढे कुठे फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, दिसला तर ५९० किंवा ५९१ मिळवा, शके असेल तर ७८ किंवा ७९.

तुमच्या याद्यांसाठी एक गोष्ट टिपून ठेवा. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधीच्या सरकारी पत्रव्यवहारात आपला भाग अहमदनगर आणि खानदेशाखाली सापडतो. ‘नाशिकचे जुने काहीच नाही’ म्हणून मुंबई-पुण्याच्या पुरालेखागारातून हात हलवत परत आलेले लोक मला भेटतात; त्यांनी नगरची पुडकी मागवलेलीच नसतात. अलीकडे जातीच्या नोंदी शोधणाऱ्यांचीही हीच गत. जन्ममृत्यूची नोंद हवी, तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा, मागा. नुसते ‘जुने रेकॉर्ड’ मागितले तर नुसती मान हलते.

मोबाइलचे म्हणाल, तर मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये. जुन्या छापील देवनागरीचे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे यंत्राने ओळखणे, आता पुष्कळ चालते, जोडाक्षरांत चुकते, तपासावे लागते. मोडीवर संशोधन चालू आहे. मात्र बोरूने न उचलता ओढलेली ओळ, शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही, शिवाय प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. यंत्राने दिलेले वाचन तुमच्यासारख्या कुणीतरी तपासल्याशिवाय त्यावर जमिनीचा दावा उभा करू नये.

प्रश्न : सराफ बाजारात दुकान. मागच्या पुरात खालच्या कपाटातल्या जुन्या कीर्दी भिजल्या. उन्हात वाळवल्या, आता पाने एकमेकांना चिकटली आहेत आणि बुरशीचा वास येतो. पुन्हा पूर आला तर?

उत्तर : सराफ बाजारात ‘तर’ नाही, ‘तेव्हा’ म्हणा. १९६९, २००८, २०१९, गंगा येऊन गेलीच आहे. कीर्दी पहिल्या मजल्यावर न्या. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागल्यावर हमाल मिळत नाही.

भिजलेल्या कागदाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. त्या वेळात एक तर हवेवर वाळवायचे, नाहीतर गोठवायचे. वही आडवी ठेवा, दर दहा-बारा पानांत टीपकागद घाला, तो ओला झाला की बदला, पंखा लावा पण थेट वहीवर नाही. ऊन कागदाला वाकवते आणि शाई उडवते. वह्या जास्त आणि माणसे कमी असतील, तर त्या प्लास्टिकच्या पिशव्यांत वेगवेगळ्या बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदात बुरशी वाढत नाही; सवड मिळते, मग एकेक काढून वाळवता येते. ओला चिखल चोळू नका, सुकल्यावर मऊ ब्रशने झटका.

चिकटलेली पाने सुरीने सोडवू नका. काजळीची शाई डिंकात घोटलेली असते, ती डिंकासकट दुसऱ्या पानाला जाते. हे काम जतनतज्ज्ञाचे. तोवर त्या वह्या इतरांपासून वेगळ्या ठेवा आणि हाताळताना एन-९५ मुखपट्टी लावा, घरात कुणाला दमा असेल तर त्यांना लांबच ठेवा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. आमच्याकडे वडिलोपार्जित पोथ्या आणि इनामाची पत्रे आहेत, इथे सांभाळायला कुणी नाही. ती पुढच्या महिन्यात येऊन बॅगेतून घेऊन जाणार म्हणते. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक, वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा कलात्मक मोलाचे पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते आणि तिची निर्यात खासगी माणसाला करता येत नाही. विमानतळावर बॅग उघडली, तर लेकीला विमान चुकवून खुलासा देत बसावे लागेल. तिच्याबरोबर फोटो पाठवा, चांगले काढलेले.

मूळ कागद संस्थेला द्यायचे असतील, तर नाशकात सार्वजनिक वाचनालय आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ. कुठेही देण्याआधी स्वतः जा आणि दप्तरांची खोली दाखवायला सांगा. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरे, कपाटात आहेत की जमिनीवर, छताला ओल आहे का, मागितलेला कागद किती वेळात हातात येतो, एवढे पाहिले की कळते. देताना यादी जोडून दानपत्र करा आणि डिजिटल प्रत घराला मिळावी, अशी अट त्यातच घाला. फाइल ‘इनामदार कागद’ अशा मोघम नावाने जमा करू नका. गाव, घराणे आणि कागद कुणाकडून कसे आले ते लिहा.

प्रश्न : पोथी हाताळताना पांढरे हातमोजे घालावेत का? आणि डांबराच्या गोळ्या?

उत्तर : मोजे नकोत. सुती मोज्यात पानाची कड अडकते, बोटांना कागद कळत नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, ते पुरे. डांबराच्या गोळ्यांचा वास तुमच्या छातीत जातो आणि कसर काही कायमची जात नाही. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला चिकटून नाही, आणि महिन्याला उघडून पाहा. पोथीत काही ओळींवर पिवळा लेप असेल, तर तो हरताळ आहे. लेखकाने चूक झाकायला लावलेला, आणि त्यात आर्सेनिक असते. पाने उलटताना बोट जिभेला लावायची सवय असेल, तर त्या पोथीपुरती सोडा.